काशीच्या ललितची प्रतीक्षा आणि वरिष्ठ संघाचे दार

वाराणसी : दशाश्वमेधाच्या दक्षिणेला शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाटाच्या दगडी पायऱ्या लागतात. महाराष्ट्रातून काशीला येणारा यात्रेकरू या ठिकाणी क्षणभर थबकतोच. नगर जिल्ह्यातील चौंडीची एक मुलगी मल्हारराव होळकरांच्या नजरेस पडली आणि होळकरांची सून झाली, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यापुढचा प्रसंग मात्र तुलनेने कमी सांगितला जातो. १७६६ मध्ये मल्हाररावांचे आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचे निधन झाल्यानंतर अहिल्यादेवींचा कारभारावरील हक्क सहजासहजी मान्य झाला नव्हता. राघोबादादांचा त्याला विरोध होता. अखेर माधवराव पेशव्यांनी मान्यता दिली आणि पुढची जवळपास तीन दशके माळव्याने आदर्श राज्यकारभार अनुभवला. १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते त्याच कारभारातून. योग्यता असणे आणि ती योग्यता अधिकारपदावरील माणसांनी मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घाटाच्या नावातच सामावलेले आहे.

या घाटापासून काही किलोमीटरवर, शहराच्या शिवपूर भागातून आलेल्या एका हॉकीपटूच्या वाट्याला हाच अनुभव वेगळ्या रूपात आला. ललितकुमार उपाध्याय यांनी २२ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती जाहीर केली. १८३ सामने, ६७ गोल आणि ऑलिंपिकची दोन कांस्यपदके अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद झाली. निवृत्तीच्या वेळी त्यांनी आपल्या प्रवासाचा उल्लेख करताना पदकांबरोबरच २००८ मधील एका छुप्या चित्रीकरणाची आठवण काढली. सतरा वर्षांनंतर, दोन ऑलिंपिक पदके गळ्यात असतानाही ती आठवण पुसली गेली नाही, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

२०२६ हे भारतीय हॉकीसाठी महत्त्वाचे वर्ष आहे. ऑगस्टमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स येथे विश्वचषक, तर सप्टेंबरमध्ये जपानमधील आइची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा नियोजित आहेत. आशियाई सुवर्णपदकाबरोबर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे थेट तिकीटही मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत कनिष्ठ विश्वचषकाच्या कांस्यपदकाच्या लढतीत भारतीय युवकांनी अर्जेंटिनाला ४-२ असे नमवले. त्या संघातील किती जण वरिष्ठ संघात पोहोचतील आणि जे पोहोचणार नाहीत ते कोणत्या कारणाने मागे पडतील, हा प्रश्न आता उभा आहे. ललित उपाध्याय यांची कहाणी सहसा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती जिद्दीची आहेच. परंतु निवडव्यवस्थेचे परीक्षण म्हणून वाचली, तर तिच्यातून अधिक काही हाती लागते.

काशीची हॉकी परंपरा

वाराणसीची ओळख बनारसी साडी, संगीत आणि कुस्तीचे आखाडे यांच्यापुरती मर्यादित नाही. भारतीय हॉकीतील चेंडूवरील अद्भुत नियंत्रणाचे नाव म्हणून आजही ज्यांचा उल्लेख होतो, ते मोहम्मद शाहिद याच शहराचे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ते होते. पद्मश्रीने गौरवलेल्या या खेळाडूने कीर्तीनंतरही वाराणसी सोडली नाही. रेल्वेच्या नोकरीत राहून ते याच शहरात वावरले. जुलै २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये खेळलेले विवेक सिंह आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळलेले त्यांचे बंधू राहुल सिंह हेही वाराणसीचेच. त्यानंतर मात्र सुमारे पाव शतक या शहरातून एकही हॉकीपटू ऑलिंपिकला गेला नाही. हा खंड टोकियोत ललित उपाध्याय यांनी संपवला.

भोजूबीर भागातील उदय प्रताप महाविद्यालय, म्हणजे स्थानिकांच्या बोलीतील यूपी कॉलेज, ही १९०९ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या मैदानावर प्रशिक्षक परमानंद मिश्र यांच्या मार्गदर्शनाखाली मुलांच्या अनेक तुकड्या घडल्या. १ डिसेंबर १९९३ रोजी जन्मलेले ललित हे त्यांपैकी एक. घरची परिस्थिती बेताची होती. कृत्रिम हिरवळीचे मैदान रोजच्या सरावाला मिळणे ही त्या काळी पूर्वांचलातील मुलांसाठी दुर्मीळ गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदानावर गेली. परंतु उत्तर भारतातील शेकडो शाळा-महाविद्यालयांतील मुले पुढची अनेक वर्षे मातीवर आणि गवतावरच शिकत राहिली. मातीवर चेंडू उसळतो, कृत्रिम मैदानावर तो सरपटत वेगाने येतो. त्यामुळे लहान शहरातील मुलाला वरिष्ठ स्तरावर पोहोचण्यापूर्वी तोच खेळ जवळपास नव्याने शिकावा लागतो. निवड समितीसमोर उभे राहण्याआधीच ही पहिली गाळणी लागलेली असते आणि तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

२००८ : न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा

९ मार्च २००८ रोजी चिलीतील सांतियागो येथे भारतीय संघ पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ०-२ असा हरला. आठ ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा देश बीजिंग ऑलिंपिकला मुकला. जनमानसात संतापाची लाट होती. त्याच पार्श्वभूमीवर एप्रिलमध्ये एका वृत्तवाहिनीने छुपे चित्रीकरण प्रसारित केले. भारतीय हॉकी महासंघाचे तत्कालीन सचिव एका खेळाडूच्या निवडीसंदर्भात पैसे स्वीकारत असल्याचे त्यात दाखवण्यात आले. सचिवांना पद सोडावे लागले. २८ एप्रिल २००८ रोजी भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघालाच निलंबित केले आणि के. पी. एस. गिल यांची चौदा वर्षांची अध्यक्षीय कारकीर्द संपुष्टात आली.

त्या चित्रीकरणात ज्या खेळाडूचे नाव पुढे करण्यात आले होते, ते ललित उपाध्याय यांचे. वाहिनीच्या प्रतिनिधींनी सापळा रचण्यासाठी हे नाव वापरले होते. किशोरवयीन खेळाडूला या व्यवहाराची कल्पना नव्हती. त्याने कोणाला पैसे दिले नव्हते आणि कोणाकडे शिफारसही केली नव्हती. तरीही चर्चा त्याच्या नावाभोवती फिरू लागली. मैदानावर टोमणे ऐकू येऊ लागले, पैसे देऊन संघात येऊ पाहणारा मुलगा अशी ओळख चिकटली. आपण हॉकी सोडून देण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

या प्रकरणाची एक बाजू देशाने साजरी केली. एक सडलेली व्यवस्था उघडी पडली, नवी संघटना उभी राहिली, २००९ मध्ये हॉकी इंडिया अस्तित्वात आली. दुसऱ्या बाजूकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. संघटना बदलली, पदाधिकारी बदलले. पण ज्या मुलाचे नाव वापरले गेले, त्याला कोणत्याही अधिकृत व्यासपीठावरून जाहीरपणे निर्दोष ठरवावे, त्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घ्यावी, असे त्या गदारोळात कोणाला सुचले नाही. आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळते. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याला ती कोठे मिळणार? कुजबुजीला ना सुनावणी असते, ना निकाल. क्रीडाक्षेत्रातील गैरव्यवहाराची किंमत बहुतेक वेळा अशी सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या खेळाडूकडून वसूल होते, हे या घटनेने दाखवून दिले.

खडकीहून आलेला हात

या अंधाऱ्या काळात ललित यांच्या मदतीला जो माणूस आला, त्याचे महाराष्ट्राशी घट्ट नाते आहे. पुण्याच्या खडकीत वाढलेले, भारताचे माजी कर्णधार धनराज पिल्ले यांनी ललित यांना एअर इंडियाच्या संघात संधी दिली. नावाभोवतीचे मळभ बाजूला सारून त्यांनी खेळ पाहिला. एअर इंडियाकडून खेळताना ललित पुन्हा देशांतर्गत स्पर्धांत दिसू लागले आणि निवडकर्त्यांना त्यांची दखल घ्यावी लागली. पुढे ते भारत पेट्रोलियमकडूनही खेळले.

धनराज यांनाच हे का सुचले असावे, याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या वाटचालीत शोधता येते. खडकीच्या आयुधनिर्माणी वसाहतीत तुटलेल्या काठ्या दोरीने बांधून त्यांनी खेळाची सुरुवात केली. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत होते, म्हणून धनराज मुंबईला आले. महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्यांना जोकिम कार्व्हालो यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला आणि १९८९ मध्ये ते भारताकडून खेळले. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या खेळाडूलाही निवडीचा कडवट अनुभव चुकला नाही. १९९८ मध्ये बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांच्यासह अनेक खेळाडूंना विश्रांतीच्या नावाखाली संघाबाहेर ठेवण्यात आले. दार तोंडावर बंद झाल्यावर काय वाटते, हे त्यांना ठाऊक होते.

येथेच प्रश्नाचा गाभा आहे. रमेश नसते तर धनराज मुंबईला आले असते का? धनराज नसते तर ललित यांनी काठी खाली ठेवली असती का? एका हाताने दुसऱ्याला वर खेचण्याची ही साखळी हृद्य आहे. परंतु १४० कोटींच्या देशाने आपल्या गुणवत्तेचा भार अशा योगायोगांवर टाकणे परवडणारे नाही. ज्यांना असा हात मिळाला नाही, त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. म्हणूनच यशस्वी खेळाडूंच्या कहाण्यांवरून व्यवस्था ठीक चालली असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

निवड एकदाच होत नाही

२०१४ मध्ये हेग येथील विश्वचषकात ललित उपाध्याय वरिष्ठ संघाकडून उतरले. छुप्या चित्रीकरणानंतर सहा वर्षांनी हे घडले. तेथेही संघर्ष संपला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात त्यांचे नाव नव्हते. वरिष्ठ संघात एकदा प्रवेश मिळाला की जागा पक्की झाली, हा समज सामान्य चाहत्यांमध्ये असतो. प्रत्यक्षात राष्ट्रीय शिबिरातील तीस-चाळीस खेळाडूंतून ऑलिंपिकला सोळाच जण जातात. प्रत्येक स्पर्धेपूर्वी तीच परीक्षा नव्याने द्यावी लागते.

ललित यांनी ती दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाका येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत २-१ असा विजयी झाला, त्यातील एक गोल त्यांचा होता. २०१८ च्या भुवनेश्वर विश्वचषकात कॅनडाविरुद्ध त्यांनी दोन गोल केले. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीला ५-४ असे नमवून भारताने ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळवले, त्या संघात ते होते. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे हरवून मिळवलेले दुसरे ऑलिंपिक कांस्य हे पुढचे टप्पे. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि उत्तर प्रदेश पोलीस दलात उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली. पैसे देऊन संघात येऊ पाहणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, तो खेळाडू अकरा वर्षे आपल्या खेळाच्या बळावर संघात टिकला.

दारापर्यंत जाऊन परतलेले

प्रत्येक प्रतीक्षेचा शेवट असा गोड होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौ येथे भारताने बेल्जियमला २-१ असे हरवून कनिष्ठ विश्वचषक जिंकला. त्या संघातील हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, वरुण कुमार, सिमरनजीत सिंग यांच्यासह अनेकांनी पुढे ऑलिंपिक पदक मिळवले. मात्र संघाचा कर्णधार हरजीत सिंग ऑलिंपिकपर्यंत पोहोचू शकला नाही. त्याच्या जीवनावर २०१८ मध्ये पंजाबी चित्रपट निघाला. ज्याची कहाणी पडद्यावर आली, त्याला वरिष्ठ संघात स्थिर जागा मिळाली नाही. कनिष्ठ स्तरावरील यश आणि वरिष्ठ स्तरावरील स्थान यांच्यामधील दरी किती रुंद आहे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

मराठी वाचकांना क्रिकेटमधील असे दाखले तोंडपाठ आहेत. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. पण बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्यामुळे कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीपर लेखनात हीच खंत व्यक्त झाली. अमोल मुजुमदार यांनी १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतके नोंदवली; भारतीय संघाचे दार मात्र उघडले नाही. त्याच मुजुमदार यांच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक उंचावला.

या दोन्ही उदाहरणांत एक भेद लक्षात घ्यायला हवा. शिवलकर आणि मुजुमदार यांच्या वाटेत त्यांच्याहून सरस किंवा तोलामोलाचे खेळाडू उभे होते. संघात जागा मोजक्या असतात आणि स्पर्धेत कोणीतरी मागे राहणारच. ही खेळाची कठोरता आहे, अन्याय नव्हे. ललित यांच्याबाबतीत २००८ मध्ये जे घडले, त्याचा खेळाशी संबंध नव्हता. व्यवस्थेने या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिल्या प्रकारची निराशा टाळता येत नाही. दुसऱ्या प्रकारची टाळता येते आणि टाळली गेलीच पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचा धडा

इतर देश ही दरी कशी सांधतात, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे उदाहरण उपयुक्त आहे. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंनी खेळला जाणारा हा खेळ भारतात फारसा परिचित नाही. ऑस्ट्रेलियात मात्र तो लोकजीवनाचा भाग आहे. तेथील सर्वोच्च साखळीत अठरा क्लब आहेत. दरवर्षी होणाऱ्या निवड प्रक्रियेत क्लब साधारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना करारबद्ध करतात. करार झाला म्हणून वरिष्ठ संघात जागा मिळत नाही. अनेक तरुणांना एक-दोन वर्षे वाट पाहावी लागते. परंतु ही वाट रिकाम्या हातांनी पाहायची नसते. वरिष्ठ सामन्यासाठी न निवडलेला खेळाडू व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातील दुय्यम साखळीत सामने खेळतो. त्याची कामगिरी सर्वांसमोर असते आणि आपण नेमके कोठे कमी पडतो, हे त्याला मैदानावरच कळत जाते.

मार्लियन पिकेट यांची कहाणी या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तरुणपणी तुरुंगवास भोगलेला हा खेळाडू पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या साखळीत खेळत राहिला. २०१९ च्या हंगामात मध्यावर झालेल्या निवडीत रिचमंड क्लबने त्यांना घेतले. ते प्रथम दुय्यम संघाकडून खेळले, त्या संघाच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरले आणि पुढच्याच आठवड्यात, २८ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी थेट वरिष्ठ अंतिम सामन्यात पदार्पण केले. रिचमंडने विजेतेपद पटकावले. भूतकाळाचा डाग असलेल्या माणसाला वरिष्ठ दार उघडून देण्यासाठी तेथेही कोणाचा तरी विश्वास लागलाच. पण विश्वास टाकणाऱ्यांच्या हाती दुय्यम साखळीतील ताज्या कामगिरीचा पुरावा होता. खेळाडूला आपली योग्यता सिद्ध करण्याचे ठिकाण उपलब्ध होते.

भारतीय हॉकीत हे ठिकाण दीर्घकाळ रेल्वे, सेनादल, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या आणि एअर इंडिया यांच्या संघांनी पुरवले. नोकरीची शाश्वती आणि वर्षभर सामने या दोन्ही गोष्टी त्यातून मिळत. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाचे खासगीकरण झाले. सार्वजनिक उपक्रमांच्या आधारावर उभी असलेली ही मधली पायरी पुढेही तशीच राहील, असे आता गृहीत धरता येत नाही.

बदलते चित्र, उरलेले प्रश्न

गेल्या दोन वर्षांत काही आश्वासक पावले पडली आहेत. सात वर्षांच्या खंडानंतर २८ डिसेंबर २०२४ पासून हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. कनिष्ठ खेळाडूंना परदेशी दिग्गजांसोबत एकाच संघात खेळण्याची संधी त्यातून मिळते. जुलै २०२५ मध्ये भारतीय ‘अ’ संघाने युरोपचा दौरा केला. वाराणसीतील डॉ. भीमराव आंबेडकर क्रीडा संकुलात ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम हिरवळीचे हॉकी मैदान खुले झाले. शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातील करमपूरसारख्या गावातून राजकुमार पाल पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचला. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ यांसारख्या मुली राष्ट्रीय हॉकीत पुढे आल्या आहेत. ग्रामीण भागातील गुणवत्ता संपलेली नाही, तिला वाट हवी आहे, हे यातून स्पष्ट होते.

सर्वांत दूरगामी बदल कायद्याच्या पातळीवर झाला आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा महासंघांच्या कारभारात खेळाडूंचे प्रतिनिधित्व आणि क्रीडाविषयक वाद सोडवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण अशा तरतुदी त्यात आहेत. आतापर्यंत निवडीबाबत तक्रार असलेल्या खेळाडूला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. खर्च आणि विलंब यामुळे बहुतेकांना तो मार्ग बंदच होता. निकाल लागेपर्यंत स्पर्धा संपलेली असे. स्वतंत्र न्यायाधिकरण ही उणीव भरून काढू शकते. मात्र शिवपूर किंवा फलटणचा सतरा वर्षांचा खेळाडू तेथपर्यंत किती सहजतेने पोहोचू शकतो, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

या चर्चेत एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. संघनिवड हे गणित नव्हे. प्रशिक्षकाच्या डोक्यात एक रचना असते, तिला साजेसा खेळाडू तो निवडतो. आघाडीपटूचे मोल केवळ गोलसंख्येवरून ठरत नाही. चेंडू परत मिळवण्यासाठी तो किती धावतो, पेनल्टी कॉर्नर कसा मिळवून देतो, हेही पाहावे लागते. प्रत्येक निवडीवर न्यायालयीन लढाई झाली तर संघ उभाच राहणार नाही. त्यामुळे प्रशिक्षकाचे स्वातंत्र्य अबाधित राहायला हवे. परंतु स्वातंत्र्य आणि मौन यांत अंतर आहे. निवडीचे निकष शिबिरापूर्वी जाहीर करणे, वगळलेल्या खेळाडूला लेखी कारण आणि सुधारणेची दिशा देणे, कनिष्ठ संघातून बाहेर पडलेल्या खेळाडूचा किमान दोन वर्षे पाठपुरावा करणे आणि एखाद्या गैरव्यवहारात निर्दोष खेळाडूचे नाव ओढले गेल्यास महासंघाने तातडीने जाहीर निवेदन काढून त्याची बाजू घेणे, या चार गोष्टींनी कोणत्याही प्रशिक्षकाचे हात बांधले जात नाहीत. त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. इच्छाशक्ती मात्र लागते.

यातील चौथी गोष्ट आजच्या काळात अधिक निकडीची आहे. २००८ मध्ये बदनामी पसरायला दूरचित्रवाणी लागली. आज मोबाइलवरून काही मिनिटांत एखाद्या मुलाचे नाव देशभर फिरू शकते. अठरा वर्षांच्या खेळाडूने अशा वावटळीत एकट्याने उभे राहावे, ही अपेक्षा अमानुष आहे. शिबिरात आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ असतात. शिबिराबाहेर पडलेल्या, वगळलेल्या खेळाडूसाठी त्यांपैकी कोणीही नसते. ज्याला सर्वाधिक आधार हवा, तोच आधाराच्या कक्षेबाहेर राहतो.

पायऱ्यांवरची गर्दी

अहिल्याबाई घाटावर पहाटे स्नानासाठी येणाऱ्या भाविकांबरोबर जोर-बैठका काढणारी, पात्रात पोहणारी मुलेही दिसतात. त्यांतील एखाद्याच्या घरी हॉकीची काठी असेल, एखाद्याच्या मनात शाहिद किंवा ललित यांचे नाव असेल. यांतील बहुतेक जण भारताकडून कधीच खेळणार नाहीत आणि त्यात गैर काही नाही. प्रत्येकाला निवड मिळावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. प्रत्येकाला न्याय्य परीक्षा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

अहिल्यादेवींच्या वाट्याला माधवराव आले, ललित यांच्या वाट्याला धनराज आले. इतिहास अशा माणसांचे स्मरण कृतज्ञतेने ठेवतो. परंतु अहिल्यादेवींचे मोठेपण त्यांना मिळालेल्या मान्यतेत नाही. मान्यता मिळाल्यानंतर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या. त्यांचे नाव ठाऊक नसलेला वाटसरूही त्या पायऱ्यांवरून निर्धास्त उतरावा, अशी सोय त्यांनी केली. भारतीय क्रीडाक्षेत्राला आज अशाच पायऱ्यांची गरज आहे. पुढचा ललित कोणत्या गल्लीतून येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा त्याच्या मदतीला धावून येणारा एखादा धनराज असेलच, याची हमी नाही. म्हणूनच पायऱ्या आधीच बांधून ठेवायला हव्यात.